आजारी शोभिवंत माशांवरील घरगुती उपचार (खानदेश)

काचेच्या टाकीतला मासा आजारी पडल्यावर पाणी, तापमान, मीठ आणि मोजकी औषधे यांच्या आधारे घरीच केलेली शुश्रूषा. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत तिला ऋतूकडे बघून वळण द्यावे लागते. येथे मे महिन्यात पारा ४५° से.ला टेकतो आणि जानेवारीत काही पहाटे १०° से.च्याही खाली उतरतो. गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल, फायटर हे मासे घरोघरी दिसतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदात सोडलेली गप्पी मुलांनी बाटलीतून घरी आणलेली असते, आणि कित्येक घरांतला पहिला मासा तोच असतो.

मासा खाणे सोडतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो किंवा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतो, तेव्हा औषध आणायला धावण्याआधी पाणी तपासावे. बहुतेक वेळा दुखणे तिथेच सापडते. खानदेशातल्या पुष्कळ गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. ते साठवताना घरात तुरटी फिरवतात, आणि ग्रामपंचायतीने त्यात आधीच टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते. क्लोरीनने माशाचे कल्ले भाजतात. टाकीतल्या वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढलेले उपयुक्त जीवाणूही त्याने मरतात. हे जीवाणू माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच मासा आजारी दिसला की सगळी टाकी रिकामी करून घासूनपुसून काढणे ही सर्वांत घातक चूक आहे. त्याऐवजी पाव ते तृतीयांश पाणी बदलावे, खाद्य एक-दोन दिवस बंद ठेवावे, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यावा. नवे पाणी उघड्या बादलीत हवेचा पंप लावून दिवसभर ठेवलेले किंवा अँटी-क्लोरीन घातलेले असावे. तुरटीचे पाणी घालूच नये.

उन्हाळ्यातली धाप हा बहुधा रोग नसतो, तो श्वासाचा प्रश्न असतो. २०° से.च्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३०° से.ला साडेसातच. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा असल्याने तो आधी कोलमडतो. अशा वेळी टाकीचे झाकण काढून जाळी घालावी आणि टेबलपंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. खानदेशची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की पाणी भराभर उडते आणि त्यासरशी दोन-तीन अंश थंडावते. कूलरही याच तत्त्वावर चालतो. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान हळूहळू उतरते. वीज गेली तर तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन हातभर उंचीवरून पुन्हा धार सोडत राहावे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते, ते निवल्याशिवाय माशांना देऊ नये.

पाणी उडते, पण त्यातले क्षार मागेच राहतात. बोअरच्या जड पाण्याने नुसती भर घालत गेले की काचेवर पाण्याच्या रेघेशी पांढरी कड धरते. ती दिसली, की भर घालणे पुरेसे नाही, थोडे जुने पाणी काढायला हवे.

हिवाळ्यात मुख्य संकट पांढऱ्या ठिपक्यांचे. माशाच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे दाणे दिसतात आणि तो दगडांना अंग घासतो. हा इक्थिऑफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. कातडीखाली असताना त्याच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. तो पिकून तळाशी पडतो, त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ती पिले नवा मासा शोधत पोहतात. मारता येतात ती याच वेळी. म्हणून दाणे गेले तरी उपचार १० ते १४ दिवस चालू ठेवावा. हीटरने तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३०° से.पर्यंत न्यावे आणि हवेचा पंप जोरात चालवावा. लिटरला १ ते ३ ग्रॅम खडे मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार हप्त्यांत घालावे. वीस लिटरला हे २० ते ६० ग्रॅम होते. उडालेल्या पाण्याची भर घालताना पुन्हा मीठ टाकू नये. कॅटफिश, लोच आणि पाणवनस्पती यांना मीठ सोसत नाही, त्यांच्यासाठी मात्रा अगदी कमी धरावी.

परांच्या कडा झिजणे बहुतेकदा घाण पाण्यातल्या जीवाणूंमुळे होते. पाणी सुधारले की कोवळा पारदर्शक पर पुन्हा फुटतो. जखमेवर कापसासारखी बुरशी धरली तर मासा वेगळ्या टबात घेऊन मिथिलीन ब्लू हे निळे औषध वापरावे. मूळ टाकीत ते घातल्यास उपयुक्त जीवाणू मरतात आणि काचेचे सांधे कायमचे निळे पडतात. मात्र तोंडाभोवतीचा कापूस पुष्कळदा कॉलम्नॅरिस या जीवाणूचा असतो आणि तो उष्णतेने फोफावतो, तेथे हीटर वाढवू नये. पोट फुगून खवले बाहेर उभे राहिले तर मासा वाचणे कठीण असते.

घरात उरलेली टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल पाण्यात फोडण्याची सवय सोडायला हवी. जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम या औषधाला बांधून टाकतात, त्यामुळे माशाला फारसे मिळत नाही आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू मात्र घरात वाढतात. अशा औषधाची गरज वाटल्यास पशुवैद्यकाला विचारावे. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम या जीवाणूने माणसाच्या कातडीवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. मेलेला किंवा नकोसा मासा नदीत वा विहिरीत सोडू नये. मेलेला मासा मातीत पुरावा.