जॅग्वार एक्सकेचे हेड: वळणदार पोर्टपासून सरळ पोर्टपर्यंत

जुन्या जॅग्वारचे सहा सिलिंडरचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण, कामाला आले की पहिला प्रश्न ठरलेला: पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, किती मोठे करायचे? खरे तर या प्रश्नाचे उत्तर कारखान्याने स्वतःच्याच हेडवर शोधून ठेवलेले आहे. हे इंजिन म्हणजे एक्सके, आणि ते 1948 ते 1992 अशी 44 वर्षे बनत राहिले. त्यातल्या पहिल्या दहा वर्षांतच कारखान्याने इनलेट (हवा आत नेणारे) पोर्ट रुंद केले, पुन्हा अरुंद केले आणि शेवटी त्यांचे वळणही काढून टाकले. प्रत्येक बदलामागे कारण होते. ते माहीत नसेल तर ग्राइंडर हातात घेऊ नये.

गोष्ट सुरू होते 1935 मध्ये, कॉव्हेंट्रीत. विल्यम लायन्स यांच्या एसएस गाड्या (हीच कंपनी पुढे जॅग्वार झाली) दिसायला ऐटबाज, पण इंजिन स्टँडर्ड मोटर कंपनीचे साइड-व्हॉल्व्ह: 73 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 106 मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), 2663 सीसी, आणि ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास. साइड-व्हॉल्व्ह रचनेत हवा ब्लॉकच्या बाजूने वर येते, व्हॉल्व्हवरून पलटी मारते, आडवी सरकते आणि मग सिलिंडरमध्ये उतरते. वाटेत इतकी वळणे असल्यावर पोर्ट कितीही गुळगुळीत केला तरी फरक पडत नाही. लायन्सनी हॅरी वेस्लेक यांना गाठले. एक्झेटरमध्ये 1897 साली जन्मलेले वेस्लेक तेव्हा हवेच्या वाटेचे काम करणारे म्हणून प्रसिद्ध होते. बेंटलीच्या हेडवर त्यांनी आधीच हात फिरवला होता. त्यांनी व्हॉल्व्ह वर नेणारे नवे हेड आखले आणि 95 अश्वशक्तीची हमी दिली. इंजिनाने 103 दिली. खालचा भाग मुळात तोच, बदलली ती मुख्यतः वरची वाट.

वेस्लेक यांचे वेगळेपण त्यांच्या मोजण्यात होते. हेड बाकावर ठेवायचे, ठरावीक दाबाच्या फरकाने त्यातून हवा ओढायची, व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत जायचा आणि प्रत्येक उघडीला किती हवा गेली ते लिहायचे. आजचा फ्लो बेंच हेच करतो. एक गोष्ट मात्र लोक सर्रास विसरतात: दाबाचा फरक सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. 10 इंच पाण्याच्या दाबफरकावर घेतलेले माप 28 इंचांवर साधारण 1.67 पट दिसते, कारण प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दोन कारागिरांच्या आकड्यांत भांडण लागते ते बहुधा इथेच.

ब्रिटिश इंजिनांत पोर्टला इतके महत्त्व का आले, याचे एक कारण कराचे आहे. तिथला जुना मोटार-कर बोअरच्या वर्गावर ठरायचा, स्ट्रोक हिशेबातच नसे. साहजिकच बोअर अरुंद आणि स्ट्रोक लांब अशी इंजिने निघाली. अरुंद बोअरमध्ये व्हॉल्व्ह मोठे बसत नाहीत. मग जी काही हवा न्यायची ती वाटेच्या आकारातूनच. महायुद्धानंतर ती पद्धत गेली, पण एक्सकेच्या अंगी त्या काळाची ठेवण राहिली: बोअर 83 मिमी आणि स्ट्रोक पुन्हा 106.

एक्सकेची आखणी युद्धकाळात झाली. फोल्सहिलच्या कारखान्यात बॉम्बने आग लागली तर विझवायला रात्रपाळीचा पहारा असे. लायन्स आणि त्यांचे अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली त्या रात्री नव्या इंजिनावर बोलत बसत. प्रायोगिक इंजिने बरीच झाली. त्यातले 98 मिमी स्ट्रोकचे सहा सिलिंडरचे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढ देईना, म्हणून स्ट्रोक 106 वर नेला आणि 3442 सीसी झाले. हेड अॅल्युमिनियमचे, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, मिश्रण जळते ते चेंबर अर्धगोल, व्हॉल्व्हमध्ये 70 अंशांचा कोन (दोन्ही बाजूंना 35). सहा सिलिंडरना सहा इनलेट पोर्ट आणि सहा एक्झॉस्ट पोर्ट, सगळे स्वतंत्र. त्या काळातल्या अनेक स्वस्त सिक्स इंजिनांत दोन सिलिंडर एका इनलेट पोर्टवर जगत आणि एकमेकांच्या तोंडचा घास पळवत. ती कटकट इथे मुळातच नव्हती.

वेस्लेकनी इनलेट पोर्ट मुद्दाम वाकडा ठेवला. वरून पाहिले तर तो चेंबरमध्ये एका बाजूने शिरतो, त्यामुळे मिश्रण सिलिंडरच्या अक्षाभोवती गरगर फिरते. फिरणारे मिश्रण नीट मिसळते, ज्योत लवकर पसरते आणि कमी फेऱ्यांवर इंजिन गुळगुळीत चालते. 1948 च्या लंडन प्रदर्शनात एक्सके 120 आली ती 160 अश्वशक्ती घेऊन. इनलेट व्हॉल्व्ह 1¾ इंच, एक्झॉस्ट 1 7/16 इंच, उचल (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) 5/16 इंच.

या मापांत पहिली सुधारणा कुठे होती ते हिशेबाने दिसते. व्हॉल्व्ह उघडला की हवा जाते ती त्याच्या कडेभोवतीच्या पट्टीतून, म्हणजे परीघ गुणिले उचल. 44.45 मिमी व्हॉल्व्ह 7.94 मिमी उचलला तर सुमारे 1108 चौरस मिमी, तोच 9.53 मिमी, म्हणजे 3/8 इंच उचलला तर 1330. पोर्टला हात न लावता 20 टक्के जागा मिळाली. कारखान्याने पुढे नेमके हेच केले, 3/8 इंच उचलीचे कॅम दिले. आजही जुन्या हेडवर पैसे खर्च करायचे तर आधी कॅम पाहावा.

1951 ची सी-टाइप ले मां शर्यतीसाठी बनली. तिच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 1 5/8 इंच केले आणि इनलेट पोर्टही रुंद केले. आता बेरीज करा: 44.45 अधिक 41.3, म्हणजे 85.7 मिमी, आणि बोअर 83! सपाट छताच्या चेंबरमध्ये हे बसलेच नसते. व्हॉल्व्ह दोन बाजूंना कललेले आहेत म्हणून बसते. सी-टाइप त्या वर्षी जिंकली, 1953 मध्ये पुन्हा जिंकली. त्या दुसऱ्या विजयाचे श्रेय मात्र एकट्या हेडला देऊ नये, डिस्क ब्रेकचा वाटा मोठा होता.

आणि मग 1957 च्या एक्सके 150 ला बी-टाइप हेड मिळाले. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सी-टाइपचे मोठे ठेवले, पण इनलेट पोर्ट पुन्हा जुन्या, अरुंद मापाचे. रेसिंगमध्ये जिंकलेला पोर्ट हाताशी असताना कारखान्याने रस्त्याच्या गाडीला लहान पोर्ट का दिला? हवेच्या वेगासाठी. समजा पोर्टचा व्यास 35 मिमी आहे. मिनिटाला 5000 फेऱ्यांना त्यातला सरासरी वेग सेकंदाला सुमारे 99 मीटर येतो; व्यास 37 केला तर 89. तिथे एवढे चालून जाते. पण 2000 फेऱ्यांना वेग 40 चा 36 होतो आणि पेट्रोलचे थेंब हवेत तरंगायचे सोडून पोर्टच्या भिंतीला चिकटू लागतात. फक्त 2 मिमीने क्षेत्रफळ जवळपास 12 टक्के वाढते, हे डोळ्याला कळत नाही. गावात चौथ्या गियरला धक्के देणाऱ्या ‘पोर्ट केलेल्या’ गाड्यांचे दुखणे बहुतेक वेळा हेच असते.

सरळ पोर्टचे हेड 1958 मध्ये एक्सके 150 एसबरोबर आले. पोर्टचे वळण काढले, दोन इंची तीन एसयू कार्ब्युरेटर लावले, आणि जाहिरातीत 250 अश्वशक्ती लिहिली, 3.8 लिटरला 265. हे आकडे ग्रॉस आहेत, गाडीत बसलेल्या इंजिनाचे नव्हेत, त्यामुळे चाळून घ्यावेत. पण फरक खरा होता. फेऱ्या वाढल्या की गरगर फिरवण्यात खर्च होणारी ऊर्जा परवडत नाही, सरळ वाट जिंकते. पुढे 1961 ची ई-टाइप याच हेडवर उभी राहिली. शर्यतीच्या डी-टाइपच्या 1955 च्या कारखाना-गाड्यांत तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 40 अंशांपर्यंत कलवले, इनलेट 35 वरच ठेवले. मोठे व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटू नयेत एवढाच हेतू.

1964 च्या 4.2 लिटरमध्ये एक गंमत आहे. बोअर 92.07 मिमी करायला ब्लॉकमध्ये सिलिंडरचे मध्य सरकवावे लागले, पण हेडमधले चेंबर जुन्याच अंतरावर राहिले. म्हणून 4.2 वर चेंबर आणि बोअर तंतोतंत जुळत नाहीत. ही चूक समजून चेंबरची कड खरवडत बसणारे लोक गॅस्केटची बसण्याची जागाच घालवतात.

आता प्रत्यक्ष काम. हेड कोणते आहे ते रंगावरून ठरवू नये. बी-टाइप फिकट निळे आणि सरळ पोर्टचे सोनेरी असायचे, पण साठ वर्षांत कोणी काय फासले असेल सांगता येत नाही. इनलेट मॅनिफोल्ड काढून पोर्टचे वळण पाहावे. मग पैसे खर्च करण्याआधी गरम पाण्यात प्रेशर टेस्ट. हे अॅल्युमिनियम साध्या पाण्याने आतून कुजते. पोर्टच्या तळाखाली भिंत किती उरली आहे हे अल्ट्रासॉनिक गेजने मोजल्याशिवाय तळाला हात लावू नये. हेड वाकलेले असेल तर नुसते फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणे) करून भागत नाही, वरच्या कॅम बेअरिंगच्या जागा वाकलेल्याच राहतात आणि कॅमशाफ्ट अडकतो किंवा तुटतो. शिवाय फेसिंगने कॅम खाली येतो, चेनचे टायमिंग मागे पडते. ते स्प्रॉकेटवर पुन्हा जुळवावे लागते.

पोर्टमध्ये फायदा जिथे आहे ती जागा लहान आहे: सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेच्या, खालचे पहिले 15 मिमी. कारखान्यात बसवलेली सीटची रिंग आणि अॅल्युमिनियम यांच्यात पायरी असते, ती मिटवावी. घसा, म्हणजे सीटखालचे तोंड, व्हॉल्व्हच्या व्यासाच्या 85 ते 88 टक्के, म्हणजे 44.45 च्या व्हॉल्व्हला 38 ते 39 मिमी. त्यापुढे गेले तर सीटला आधार उरत नाही. गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीभोवतीचा) उंचवटा छाटू नये, प्रवाहाच्या दिशेने निमुळता करावा. तळाचे आखूड वळण गोल राखावे, तिथे धारदार कड आली की हवा भिंत सोडते आणि मोजमाप खाली येते. अॅल्युमिनियमला मोठ्या दातांचा कार्बाइड बर लागतो. दात भरू नयेत म्हणून रॉकेलाचा हात मारत राहावे. शेवटचा हात इनलेटला 80 नंबर पेपरचा पुरे, आरशासारखी चकाकी एक्झॉस्टला ठेवावी. इनलेट मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडापेक्षा अर्धा मिमी लहान चालेल, मोठे अजिबात नको.

सुरुवातीच्या हेडमध्ये इनलेट सीट 30 अंशांची आहे, नंतर 45 झाली. व्हॉल्व्ह बदलताना सीटचा कोन त्याच्याशी जुळवावा. चेंबर ब्युरेटने मोजावे. 3442 सीसीच्या इंजिनात 8:1 कॉम्प्रेशनसाठी दर सिलिंडरमागे वर सुमारे 82 सीसी जागा लागते आणि 9:1 साठी 72. सहाही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत आणावेत.

सगळ्यात महाग चूक जोडणीच्या वेळी होते. एकटा कॅमशाफ्ट फिरवला तर उघडे इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि वाकतात. म्हणून हेड बाकावर असताना एका वेळी एकच कॅमशाफ्ट बांधून ठेवून टॅपेटचे अंतर घ्यावे, दुसरा सैल ठेवावा. मोठे व्हॉल्व्ह घातले असतील तर दोन्ही कॅम टायमिंगवर असताना, ओव्हरलॅपच्या जागी (दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात तिथे), व्हॉल्व्हमध्ये माती लावून किमान दीड मिमी फट आहे का ते पाहावे.

आणि नोंदी लिहिताना एक लक्षात ठेवा: जॅग्वार या इंजिनात पहिला सिलिंडर फ्लायव्हीलच्या बाजूचा, म्हणजे सर्वांत मागचा मोजते. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4 त्याच हिशेबाने आहे. बेंचवर पुढून मोजलेले सहा आकडे गाडीत मागून वाचले गेले, की प्लग काढून बघताना कोणत्या पोर्टचा दोष कोणाच्या माथी मारला जातोय ते कळत नाही.