चित्र येतं, कॅमेरा वळत नाही: फायबरवरच्या सिरियल कंट्रोलची पार्श्वभूमी

फिरता कॅमेरा फायबरवर घेतला की पहिल्या दिवशी बहुतेकदा हेच घडतं. कंट्रोल रूममध्ये चित्र लख्ख, पण जॉयस्टिक कितीही हलवा, कॅमेरा ढिम्म. याचं मूळ साठहून अधिक वर्षांमागे आहे. काचेचा तंतू नवा असला, तरी त्यातून जाणारी आज्ञा जुन्याच सिरियल बोलीत, म्हणजे एकामागून एक बिट अशी जाते.

१९६० मध्ये अमेरिकेत आरएस-२३२ हे सिरियल जोडणीचं मानक ठरलं. टेलिप्रिंटर आणि मोडेमसारखी यंत्रं जोडायची होती, टेबलाशेजारी टेबल. व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजायचं. पंधराएक मीटरपलीकडे, आणि त्यात दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला, की अक्षरं बिघडायची. १९७५ च्या आरएस-४२२ ने तारांची जोडी आणली आणि दोन तारांमधला फरक वाचायला सुरुवात केली. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो, म्हणून फरक काढताना तो वजा होतो. मजल १२०० मीटरपर्यंत गेली. सोनीने व्हीटीआरच्या (व्हिडिओ टेप रेकॉर्डरच्या) नऊ पिनी रिमोटला हेच निवडलं: ३८,४०० बॉड (सेकंदाला तितके बिट), ऑड पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), आणि आज्ञेला नऊ मिलिसेकंदांत उत्तर. फायबर किलोमीटरमागे जेमतेम पाच मायक्रोसेकंद खातं, त्यामुळे हे वेळापत्रक तिथेही बिघडत नाही.

१९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये टीव्हीचं चित्र फायबरवरून नेलं, ते राखीव मार्ग म्हणून. दर्जा इतका चांगला निघाला की तोच मुख्य मार्ग झाला. चित्राचा प्रश्न असा लवकर सुटला. आज्ञेचा मात्र रेंगाळला.

कारण १९८३ चं आरएस-४८५. त्याने एकाच जोडीवर बत्तीस उपकरणं बसवली, पण सगळ्यांनी पाळीपाळीने बोलायचं. तांब्यात हे सोपं, तीच जोडी दोन्ही दिशांना चालते. प्रकाशाचं तसं नाही. म्हणून एकाच तंतूत दोन तरंगलांबी घालायची पद्धत रूढ झाली, १३१० आणि १५५० नॅनोमीटर: एकीवर चित्र इकडे, दुसरीवर आज्ञा तिकडे. दोन तारांच्या लाइनीवर कधी बोलायचं आणि कधी ऐकायचं, हेही फायबरच्या पेटीलाच (तारेतला सिग्नल प्रकाशात बदलणाऱ्या उपकरणाला) ओळखावं लागतं. त्यासाठीच पेटीवर २३२, ४२२, ४८५ दोन तारी की चार तारी, असे स्विच असतात. ते आधी पाहा. बहुतेक पेट्यांवर बॉड रेट लावावाच लागत नाही. तो जुळायला हवा कीबोर्ड (जॉयस्टिकचं पॅनेल) आणि कॅमेऱ्यात. पेल्को-डी, म्हणजे कॅमेरा फिरवायच्या आज्ञांची एक रूढ बोली, बहुधा २४०० वर चालते: सात बाइटची आज्ञा, दुसरा बाइट कॅमेऱ्याचा पत्ता. पत्त्याचा डिप स्विच (कॅमेऱ्यातले छोटे स्विच) चुकला, तर आज्ञा पोचूनही कॅमेरा हलत नाही. आणि फायबर मध्ये आल्यावर तांब्याची लाइन एक उरत नाही, दोन होतात. लांब लाइन असेल तर १२० ओमचं टर्मिनेशन (टोकाला लावायचा रोध) दोन्हींच्या टोकांना हवं.

सगळ्यात चिवट घोळ मात्र अक्षरांचा आहे, जोडीतल्या दोन तारांना दिलेल्या ए आणि बी या नावांचा. मूळ मानकात बी ही अधिक तार. चिप बनवणाऱ्या अनेकांनी ए ला अधिक म्हटलं. दोन कंपन्यांच्या पेट्या ए ला ए जोडल्या की ध्रुव उलटतात. एका कारखान्याच्या आवारात आमची अख्खी संध्याकाळ यात गेली. पत्ता, बॉड, स्विच, सगळं बरोबर होतं. शेवटी दोन तारा अदलाबदल केल्या आणि खांबावरचा कॅमेरा गर्रकन वळला. तेव्हापासून आम्ही तारांवर ए-बी लिहीत नाही. लाइन शांत असताना मीटर लावतो आणि जिच्यावर व्होल्टेज जास्त, तिच्यावर अधिकची खूण करतो.