कॉपी दाबल्यावर आत काय होतं, आणि पेस्टच्या कटकटी कशा टाळायच्या

कॉपी-पेस्ट आपल्याला सहसा कोणी बसून शिकवलेलं नसतं, बघून बघून आलेलं असतं. त्यामुळे पेस्ट केल्यावर अक्षरं एकदम मोठी झाली, मजकुरामागे राखाडी पट्टा आला, नंबराच्या सुरुवातीचं शून्य गायब झालं, असं काही झालं की आपण ते हाताने नीट करत बसतो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. खरं तर कॉपी दाबल्यावर मशीन काय करतं हे एकदा कळलं की यातल्या बऱ्याच गोष्टींवरचे उपाय पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

सुरुवात क्लिपबोर्डपासून. मशीनच्या मेमरीत कॉपी केलेल्या गोष्टीसाठी एक जागा असते, आणि मुळात तिथे एका वेळी एकच गोष्ट मावते. नवीन काही कॉपी केलं की आधीचं गेलं, मशीन बंद केलं तरी गेलं. म्हणून मजकूर हलवायचा असेल तर कट करणं मला धोक्याचं वाटतं, कारण कट केल्यापासून पेस्ट करेपर्यंत तो परिच्छेद फक्त क्लिपबोर्डवर असतो, मध्येच फोन आला, दुसरं काहीतरी कॉपी झालं, आणि फाईलही बंद केली तर तो परत मिळवणं अवघड. महत्त्वाचं असेल तर कॉपी करा, नव्या जागी पेस्ट करा, आलंय हे बघा आणि मग जुनं डिलीट करा, दोन सेकंद जास्त लागतात पण जीव टांगणीला लागत नाही.

फाईलचं मात्र वेगळं आहे. मोठा व्हिडिओ कॉपी केला तरी कंट्रोल सी दाबल्या दाबल्या काम होतं आणि वेळ सगळा पेस्टला लागतो, ते यामुळे की क्लिपबोर्डवर फाईल जातच नाही, फक्त ती कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता जातो. खरी नक्कल पेस्ट केल्यावर सुरू होते. म्हणून पेन ड्राईव्हवरची फाईल कॉपी केली, ड्राईव्ह काढला आणि मग पेस्ट करायला गेलं तर काहीच येत नाही. विंडोजमध्ये फाईल कट केली तर ती नुसती फिकट दिसते, पेस्ट होईपर्यंत जागेवरच असते, म्हणजे तिथे कट करायला घाबरायचं कारण नाही. मॅकच्या फाईंडरमध्ये, म्हणजे फाईली दिसतात त्या खिडकीत, फाईल हलवायची असेल तर आधी कमांड सी आणि मग ऑप्शन, कमांड आणि व्ही एकत्र, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते फाईल ओढत बसतात.

आता त्या राखाडी पट्ट्याकडे येऊ. वेबपेजवरून परिच्छेद कॉपी केला की ब्राउझर तोच मजकूर क्लिपबोर्डवर एकापेक्षा जास्त रूपांत ठेवतो. एक रूप म्हणजे नुसती अक्षरं, दुसरं एचटीएमएल, म्हणजे ठळक अक्षरं, रंग, लिंका, टेबल, मागचा रंग सगळ्यासकट. आपण पेस्ट करतो तेव्हा यातलं कुठलं रूप उचलायचं ते समोरचं सॉफ्टवेअर ठरवतं. साध्या टेक्स्ट एडिटरला अक्षरंच कळतात म्हणून तो तेवढीच घेतो, वर्ड किंवा मेलवालं सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त माहिती असलेलं रूप घेतं आणि त्या पेजची सजावट तुमच्या पत्रात येऊन बसते. हे करून बघा: एखाद्या पेजवरचं छोटं टेबल कॉपी करा आणि तेच तीन ठिकाणी पेस्ट करा, साध्या एडिटरमध्ये, वर्डमध्ये आणि एक्सेलमध्ये. एडिटरमध्ये नुसते शब्द येतील मध्ये मोकळी जागा सोडून, वर्डमध्ये रेघांसकट टेबल येईल, आणि एक्सेलमध्ये एकेक आकडा आपापल्या चौकोनात जाऊन बसेल. कॉपी एकदाच केलीय, क्लिपबोर्ड तोच आहे, फक्त घेणाऱ्याची निवड वेगळी.

हे लक्षात आलं की उपाय सोपा, निवड त्याच्यावर सोडायची नाही. कंट्रोल आणि व्हीच्या जोडीला शिफ्ट दाबलं की बहुतेक ब्राउझर, गुगल डॉक्स आणि नवीन वर्डमध्ये नुसता मजकूर पेस्ट होतो आणि तुमच्या डॉक्युमेंटचा फॉन्ट घेऊन बसतो. मॅकवर बऱ्याच ठिकाणी शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि व्ही. वर्डमध्ये रोज हेच लागत असेल तर ऑप्शन्समधल्या अॅडव्हान्स्ड भागात कट, कॉपी, पेस्टचं सेटिंग आहे, तिथे दुसऱ्या प्रोग्रॅममधून येणारं पेस्ट होताना फक्त टेक्स्ट ठेव असं कायमचं सांगून टाकता येतं. मला तर वाटतं हे सेटिंग मुळातच असं असायला हवं होतं, कारण मजकूर हवा असणारी माणसं खूप आणि दुसऱ्याची सजावट हवी असणारी फार थोडी.

हे सगळं आलं कुठून तर अमेरिकेत पालो आल्टोला झेरॉक्सची पार्क नावाची प्रयोगशाळा होती, तिथे लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात जिप्सी नावाचा एडिटर केला आणि आज आपण वापरतो तसं कट-कॉपी-पेस्ट त्यात पक्कं झालं. त्याआधी संपादक लोक छापलेले कागद खरोखर कात्रीने कापून खळीने चिकटवायचे. टेस्लरचा राग होता तो मोडवर, म्हणजे आधी एडिटरला सांगायचं की आता मी खोडणार आहे, मग आता मी लिहिणार आहे, आणि विसरलात तर भलतंच व्हायचं. आधी मजकूर निवडायचा आणि मग त्याचं काय करायचं ते सांगायचं हा क्रम त्यांनी धरून ठेवला, इतका की त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवरसुद्धा नो मोड्स असं होतं. १९८३ ची अॅपल लिसा आणि १९८४ ची मॅकिंटॉश यांतून हे बाहेरच्या जगात आलं, झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली शेजारशेजारची बटणंही तिथलीच. टेस्लर २०२० मध्ये गेले. ज्या माणसाचं काम आपण इतक्या वेळा वापरतो त्याचं नाव तरी आपल्याला माहीत असावं असं मला वाटतं.

एकच गोष्ट मावते ही अडचण आता तशी राहिलेली नाही. विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी क्लिपबोर्डचा इतिहास आला, विंडोज की आणि व्ही दाबा, पहिल्यांदा चालू करू का विचारेल, हो म्हणा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे दिसतात, हवी ती टिचकी मारून पेस्ट करायची. रोज लागणारा पत्ता, ठरलेलं उत्तर, असं काही पिन करून ठेवलं तर रिस्टार्ट केलं तरी जात नाही, बाकीचं जातं. अँड्रॉइड टॅब्लेटवर गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये क्लिपबोर्डचं चिन्ह असतं, तिथे कॉपी केलेलं तासभर राहतं आणि पिन केलेलं आपण काढेपर्यंत.

टॅब्लेटवर खरी पंचाईत असते ती बोटाने नेमक्या दोन अक्षरांमध्ये कर्सर ठेवायची. आयपॅडच्या किंवा आयफोनच्या कीबोर्डवर स्पेस बार दाबून धरा, अक्षरं पुसट होतात आणि अख्खा कीबोर्ड टचपॅड होतो, बोट सरकवा तसा कर्सर सरकतो, जीबोर्डमध्येही स्पेसवर बोट सरकवलं की तसंच. आयपॅडवर २०१९ पासून तीन बोटांच्या खुणा आहेत, तीन बोटं चिमटीसारखी जवळ आणली की कॉपी, लगेच परत आणली की कट, फाकवली की पेस्ट, आणि तीन बोटं डावीकडे सरकवली की अनडू. सुरुवातीला हाताला जमत नाही पण दोन-तीन दिवसांत बसतं. फोटोतला मजकूर परत टाईप करत बसायचीही गरज नाही, गुगल लेन्स देवनागरीसुद्धा वाचतं, फक्त एकदा नजर फिरवा कारण मात्रा-वेलांट्या कधीकधी चुकतात.

एक्सेलबद्दल मात्र जरा जास्त बोलायला हवं कारण तिथे चूक दिसत नाही. एक्सेल पेस्ट केलेल्या गोष्टीचा अर्थ लावायला जातं. शून्याने सुरू होणारा खातेनंबर म्हणजे संख्या असं समजून सुरुवातीचं शून्य टाकून देतं. १६ आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो, कारण एक्सेल संख्या साठवताना १५ आकड्यांपर्यंतच नेमकेपणा ठेवतं, आणि एकदा गेलेला आकडा नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाही. उपाय आधीच करायचा, कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट टेक्स्ट करायचा आणि मग नुसता मजकूर म्हणून पेस्ट करायचं, नाहीतर पेस्ट होणारं आपला फॉरमॅट घेऊन येतं. तारखांचा त्रास तर शास्त्रज्ञांनाही झालाय. सेप्ट २, मार्च १ अशा छोट्या नावांची मानवी जनुकं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ मध्ये जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले शोधनिबंध तपासले गेले तेव्हा साधारण पाचातल्या एका निबंधात ही चूक सापडली, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलली, सेप्टचं सेप्टिन केलं, मार्चचं मार्चएफ. एक्सेलमध्ये हे आपोआप बदलणं बंद करायचं सेटिंग आलं ते २०२३ मध्ये, डेटाच्या ऑप्शन्समध्ये शोधा. उत्तर फॉर्म्युल्याशिवाय दुसरीकडे न्यायचं असेल तर पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज निवडा, नाहीतर फॉर्म्युला नव्या जागेवरून शेजारचे वेगळेच चौकोन मोजतो.

अनडूची एक युक्ती सांगतो जी फार कमी जण वापरतात. तासाभरापूर्वी खोडलेला परिच्छेद आता हवाय, पण अनडू करत मागे गेलं तर मधलं काम जातं, आणि मागे जाऊन एक अक्षर जरी टाईप केलं तरी पुढे यायचा रस्ता बंद, कारण नवीन बदल झाला की रीडूची, म्हणजे अनडू केलेलं परत आणायची यादी टाकून दिली जाते. पण कॉपी करणं हा बदल धरला जात नाही. म्हणून कंट्रोल झेड करत त्या परिच्छेदापर्यंत मागे जा, तो कॉपी करा, मग कंट्रोल वाय करत परत आजच्या जागी या आणि पेस्ट करा, दोन्ही मिळतं. फाईल मात्र मध्ये बंद केलेली नको. आणि वर्डने आपणहून एखादा शब्द बदलला तर लगेच कंट्रोल झेड दाबा, तुमचं टाईप केलेलं राहतं आणि फक्त त्याची दुरुस्ती मागे जाते.

शेवटचं आणि काळजीचं. क्लिपबोर्ड सगळ्या अॅपसाठी एकच असतो. अँड्रॉइड १० पासून पडद्यामागे चालू असलेल्या अॅपना तो वाचता येत नाही, आणि आयफोनवर आयओएस १४ मध्ये एखाद्या अॅपने तो वाचला की वर सूचना दिसू लागली, आयओएस १६ पासून तर आधी परवानगी विचारली जाते, पण उघड्या असलेल्या प्रोग्रॅमला कॉम्प्युटरवर फारशी आडकाठी नसते. दुसऱ्या बाजूने वेबपेजही तुम्ही निवडलेल्या मजकुराऐवजी भलतंच काही क्लिपबोर्डवर ठेवू शकतं, आणि त्याचा वापर करून एक फसवणूक सध्या चालते: तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा असं पेज दाखवतं, बटणावर टिचकी मारली की एक घातक कमांड क्लिपबोर्डवर जाते, आणि मग सांगितलं जातं की विंडोज की आणि आर दाबा, कंट्रोल व्ही करा, एंटर मारा. म्हणजे व्हायरस तुमच्याच हाताने चालवायला लावतात. कुठलंही खरं पेज माणूस ओळखायला असं करायला सांगत नाही, दिसलं की टॅब बंद करा, एंटर तर मारूच नका. पासवर्ड कॉपी करायची वेळ आली असेल तर काम झाल्यावर विंडोज की आणि व्ही दाबून ती नोंद काढून टाका, आणि मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी तिथलं क्लिअर ऑल दाबा, फक्त पिन केलेल्या गोष्टी त्याने जात नाहीत, त्या एकेक करून काढाव्या लागतात.