पाण्यातील क्षार

पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याच्या रेणूंची मांडणी बदलतात आणि तिच्याबरोबर पाण्याचे गुणही. मीठ विरघळले की सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात. सोडियमकडे पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू करून उभे राहतात, क्लोराइडकडे हायड्रोजनची. आयनाभोवती असे रेणूंचे कडे जमते. मॅग्नेशियम आपल्या सहा रेणूंना घट्ट धरतो, पोटॅशियमची पकड ढिली. या कड्याच्या पलीकडच्या पाण्यावर आयनाचा परिणाम फार थोडा उरतो.

काही गुण केवळ आयनांच्या संख्येवर ठरतात. लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ टाकले, तर उत्कलनबिंदू जेमतेम १ अंश वाढतो. आमटीतल्या चमचाभर मिठाने पाणी उशिरा उकळते, ही समजूत सोडून द्यावी. समुद्राचे पाणी गोठते ते उणे १.९ अंशांच्या आसपास.

बाकी बहुतेक ठिकाणी मात्र क्षार किती, यापेक्षा कोणता हे महत्त्वाचे. शास्त्रज्ञ फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये अंड्यातील प्रथिनांवर क्षारांचे प्रयोग करून, कोणता क्षार प्रथिने पाण्यातून किती सहज बाहेर काढतो, यावरून त्यांचा क्रमच लावला होता.

सांगलीच्या कृष्णाकाठी हा फरक स्वयंपाकघरात एक दिसतो, रानात उलटा. बोअरच्या जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेल्या पाण्यात तूरडाळ बोटचेपी होत नाही, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या पदार्थाला, बांधून ठेवतो. साबणाचा फेस न होता साका धरतो, तोही त्याच्यामुळेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची (कठीणपणाची) मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६००. डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकतात, म्हणजे कॅल्शियमची पकड सोडवायला सोडियमला मदतीला बोलावतात.

वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या क्षारपड काळ्या रानात हाच सोडियम घात करतो. भारी माती, उसाला वारेमाप पाटपाणी आणि तुंबलेला निचरा यांमुळे भूजल वर येते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरा थर फुटतो. ती खारवट जमीन. चोपण जमिनीचे दुखणे वेगळे: सोडियम आपले पाण्याचे कडे घेऊन चिकणमातीच्या पापुद्र्यांत शिरतो, कण फुगून सुटे होतात, भोके बुजतात. पावसानंतर पाणी वर साचून राहते, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. इथे उपाय कॅल्शियमचा, म्हणजे जिप्समचा. तो सोडियमला हुसकावतो आणि कण पुन्हा गोळा होतात. पण हुसकावलेला सोडियम जाणार कुठे? चर किंवा जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांनी त्याला वाट दिली नाही, तर जिप्समचा खर्च पाण्यात जातो.

जमिनीत खारवटपणा आणि सोडियम दोन्ही असताना ती नुसत्या गोड्या पाण्याने धुणे हे मात्र सर्वांत अंगलट येणारे. आतापर्यंत विरघळलेल्या मिठानेच कण एकत्र धरलेले असतात. ते धुऊन गेले आणि सोडियम मातीला चिकटून राहिला, की रान चोपण होते.