पार्श्वभूमी : जिल्ह्यांच्या सीमा कोण आखते?

राज्याची सीमा बदलायची तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेला कायदा करावा लागतो. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या बाबतीत मात्र विधिमंडळात विधेयक आणण्याचीही गरज नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ ने हा अधिकार राज्य शासनाला दिला असून, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे जिल्हा, उपविभाग, तालुका आणि गाव यांची हद्द ठरवता, बदलता किंवा रद्द करता येते. मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवणे मात्र बंधनकारक आहे.

संहितेपूर्वीच्या मोठ्या फेरबदलांमागे भाषावार पुनर्रचना होती. १९५६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील चंदगड कोल्हापूरला जोडले गेले. आदिलाबादमधील राजुरा आधी नांदेडमध्ये आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात गेले.

१९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि औरंगाबादचे काही तालुके व परभणीतील परतूर मिळून जालना जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी लातूर आणि गडचिरोली आले. मुंबई उपनगर, वाशीम, नंदुरबार, हिंगोली व गोंदिया हे १९९० च्या दशकातील.

सर्वांत अलीकडचे विभाजन ठाण्याचे. २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्या असलेला हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, आणि मोखाडा-तलासरीच्या आदिवासी पट्ट्यातील माणसाला जिल्हाधिकारी कार्यालयासाठी थेट ठाणे गाठावे लागे. १ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. विभाजन हवे यावर फारसे दुमत नव्हते. वाद मुख्यालयाचा होता, कारण एकेकाळी संस्थानची राजधानी असलेल्या जव्हारलाही ते हवे होते. नव्या जिल्ह्याच्या मागण्यांत हे वारंवार दिसते: रेषा कुठून जावी यापेक्षा कचेरी कुठे बसावी यावरच गावे अधिक हिरिरीने भांडतात.

महसुली हद्द बदलली की बाकीच्या हद्दी आपोआप बदलत नाहीत. जिल्हा परिषद १९६१ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली स्थापावी लागते. पालघरमध्ये तिची पहिली निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. विधानसभेचे मतदारसंघ तर परिसीमन आयोगाच्या अखत्यारीतले, आणि ते २००८ मध्येच ठरलेले. त्यामुळे जिल्हा पालघर असूनही वाडा तालुक्याचा काही भाग आजही भिवंडी ग्रामीण मतदारसंघात मतदान करतो.