वस्तीजवळ दगडखदान: नागपूर परिसरात झोन दाखल्यापासून परवान्यापर्यंत

गिट्टीखदान हे आज नागपुरातल्या एका दाट वस्तीचे नाव आहे. खदान गेली, नाव राहिले. उमरेड रोडवर पाचगावकडे आजही गिट्टी निघते आणि शहराचे लेआउट (घरांसाठी पाडलेले प्लॉट) त्याच दिशेने सरकत आहेत. त्यामुळे खदानीच्या अर्जात आता पहिला प्रश्न दगडाचा नसून अंतराचा असतो. बहुतेक अर्जदार मात्र सातबारा घेऊन थेट खनिकर्म शाखेत जातात, तिथे पैसे भरतात आणि सहा महिन्यांनी झोनवर, म्हणजे त्या जमिनीच्या ठरवलेल्या वापरावर, अडकतात.

इथली माहिती दगड, गिट्टी, मुरूम अशा गौण खनिजांपुरती आहे. त्यांना महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, 2013 लागू होतात. मनसर, कांद्री, गुमगावचे मँगनीज किंवा उमरेड, सावनेरचा कोळसा हा केंद्राच्या कायद्याचा विषय आहे, त्याची फाइलच वेगळी.

पहिले काम म्हणजे गट नंबर कोणाच्या हद्दीत येतो ते पाहणे. शहरात महानगरपालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास, बाहेरच्या गावांत नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. ज्याची हद्द, त्याच्याकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. निवासी झोन निघाला तर तिथेच थांबा. शेती विभाग असेल तर 2020 च्या एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे नियोजन प्राधिकरणाची विकास परवानगी मिळू शकते, पण अटींवर. राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग 200 मीटरच्या आत असेल, किंवा इतर रस्ता वा गाववस्ती 100 मीटरच्या आत असेल, तर खदान आणि क्रशर (दगड फोडण्याचे यंत्र) दोन्ही चालत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची शिफारस वेगळ्या मोजपट्टीची आहे: सुरुंग नसेल तर वस्तीपासून 100 मीटर, सुरुंग असेल तर 200. दोन आकडे समोर असतील तेव्हा मोठा धरून चाला. छोट्या आकड्यावर उभी केलेली फाइल पुढच्या टेबलावर परत येते.

अंतर खदानीच्या हद्दीपासून सर्वात जवळच्या घराच्या भिंतीपर्यंत मोजा. क्रशरपासून किंवा खड्ड्याच्या मध्यापासून मोजलेले अंतर तपासणीत टिकत नाही. उपग्रह नकाशावर मोजले असेल तर तो किती जुना आहे तेही बघा. एका उन्हाळ्यात लेआउटमध्ये दहा घरे उठतात.

मग जमिनीचे कागद. सातबारा, आठ-अ, फेरफार, गाव नकाशा आणि भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत लागते. जमीन दुसऱ्याची असेल तर त्याची नोंदणीकृत संमती. ग्रामपंचायतीचा ठरावही मागितला जातो, तो आधीच घेऊन ठेवा. विदर्भातली खास अडचण म्हणजे सातबाऱ्यावरची 'झुडपी जंगल' ही नोंद. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात झुडपी जंगल जमिनी वनजमिनीच मानल्या आहेत. नवा सातबारा स्वच्छ दिसला तरी जुने फेरफार आणि वनविभागाचा दाखला पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या सीमेपासून 1 किलोमीटरच्या आत खाणकामाला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला किंवा पेंचच्या बाजूच्या गावांनी हे अंतर सर्वात आधी काढावे.

नियोजन प्राधिकरणाच्या अर्जासोबत खदानीभोवतीचा 500 मीटरपर्यंतचा परिसर दाखवणारा स्थळदर्शक नकाशा लागतो. घरे, विहिरी, नाले, रस्ते, चढउतार सगळे त्यात यावे. त्याशिवाय 1:500 किंवा त्याहून मोठ्या मापाचा उत्खनन आराखडा आणि छेद, ज्यात टप्पे, बेंच (पायऱ्यांसारखे कापलेले थर), वरची माती साठवण्याची जागा आणि झाडांचा पडदा दिसेल. शेवटी पुनर्भरणाचा, म्हणजे खोदलेली जागा पुन्हा नीट करण्याचा, आराखडा आणि खर्च. हा पुनर्भरणाचा भाग लोक दुसऱ्याच्या फाइलमधून उतरवतात आणि नेमके त्यावरच शेरे पडतात, कारण त्यासाठी बंधपत्र द्यावे लागते. परवानगी एका वेळी जास्तीत जास्त 3 वर्षांची असते, पुढे अटी पाळल्या की नाही ते पाहून.

आराखडा काढताना हद्दीच्या आत 7.5 मीटरचा पट्टा न खोदता सोडावा लागतो. हिशेब करून बघा. 100 बाय 100 मीटरचा चौकोनी हेक्टर असेल तर खोदायला 85 बाय 85, म्हणजे 7,225 चौरस मीटर उरतात. तोच हेक्टर 40 बाय 250 चा लांबट असेल तर 25 बाय 235, फक्त 5,875. बेंचचा उतार सोडला की खाली आणखी कमी. लांबट पट्ट्याचा दगड स्वस्त पडतो असे वाटते, पण तो तसा नसतो.

आता जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे अर्ज. खाणकाम आराखडा मान्यताप्राप्त व्यक्तीकडून करून घ्या आणि भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाची मंजुरी घ्या. संचालनालयाचे मुख्यालय नागपुरातच आहे. त्यानंतर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचा अर्ज. क्षेत्र 5 हेक्टरपेक्षा कमी असले तरी ही मंजुरी लागते. दीपक कुमार प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. जागा जिल्हा सर्वेक्षण अहवालात आहे ना, ते आधी तपासा.

इथे समूहाची गोची होते. एकाच प्रकारच्या खनिजाच्या दोन खदानींच्या हद्दींत 500 मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्या एक समूह धरल्या जातात. तुमची दीड हेक्टर आणि शेजारच्या तीन दीड-दीड हेक्टरच्या, बेरीज 6 हेक्टर. 5 हेक्टर ओलांडले की पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी आली. शेजारच्या खदानी लपवून अर्ज टाकला तर पुढे मंजुरीच अडचणीत येते.

पुढे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते, आधी उभारणीची, मग चालवण्याची. क्रशर असेल तर तोही त्यात दाखवा. यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर धूळ घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. पाण्याचे फवारे नुसते बसवून चालत नाही, तपासणीच्या वेळी ते चालू असावे लागतात.

सुरुंगाचा विषय बहुतेकांना उशिरा कळतो. खोली 6 मीटरपर्यंत, कामगार 50 पर्यंत आणि स्फोटके नाहीत, अशा खदानीला खाण कायदा, 1952 मधून बरीच सूट होती; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने घेतली आहे. एक सुरुंग लावला की सूट गेली. मग काम सुरू करण्यापूर्वी महिनाभर खाण सुरक्षा महासंचालनालयाला सूचना, प्रमाणपत्रधारक ब्लास्टर, परवानाधारकाकडूनच स्फोटके. घरांसाठी कंपनाची मर्यादा याच महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात आहे: वारंवारता 8 हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 मध्ये 10, त्यावर 15. अंतर वाढले की वारंवारता उतरते, म्हणून लांबच्या घराला लागू होणारी मर्यादा उलट कडक असते. उपाय एकच, एका वेळी फुटणारी स्फोटके कमी करणे आणि छिद्रे मिलिसेकंदांच्या फरकाने उडवणे.

वाहतुकीला राज्याच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीचा ई-पास प्रत्येक गाडीला लागतो. पास नसलेला माल अवैध समजला जातो आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारमूल्याच्या पाच पटीपर्यंत दंड, वर गाडी जप्त.

लेआउटमधल्या रहिवाशांनी 'खदान बंद करा' असा मोघम अर्ज देऊ नये. माहिती अधिकारात 10 रुपये भरून पर्यावरण मंजुरीच्या अटी, 1 जून आणि 1 डिसेंबरचे सहामाही अनुपालन अहवाल आणि कंपनाच्या नोंदी मागाव्यात. कंपन कुठल्या घराजवळ मोजले ते त्यातच कळते. भिंतीच्या भेगांचे तारखेसह फोटो, शक्य असेल तर सुरुंग सुरू होण्यापूर्वीचेही, हाताशी ठेवावेत. जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी यावी लागते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अपील 30 दिवसांत करायचे असते, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात.