मोडीतून दिवाणखान्यात

नागपूरच्या जुन्या मोहल्ल्यांची नावं एकापाठोपाठ घेतली तर जवळजवळ आठवडा पुरा होतो: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं १७०२ च्या सुमारास वसवलेलं हे शहर भोसल्यांच्या राजवटीत वाढलं. ज्या वारी जिथं बाजार भरायचा, त्या जागेला त्या वाराचं नाव चिकटलं. आज इतवारीत रोजच गर्दी असते, नाव मात्र रविवारचंच. तेव्हा वाराच्या बाजारात फुटपाथवर ताडपत्री टाकून जुन्या वस्तू मांडणं यात इथं नवं काही नाही. नवा आहे तो ‘व्हिंटेज’ हा शब्द, आणि त्या शब्दानं चढलेला भाव.

आधीचा शब्द होता ‘मोड’. घरातला पितळी गुंड चेपला, गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड गेलं, की ते भांड्याच्या दुकानात मोडीत द्यायचं आणि वरून पैसे टाकून नवं आणायचं. मोडीचा भाव वजनावर. भांडं कोणाच्या लग्नातलं, घाट कसा, हे तराजूला कळत नाही. भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजलेली आणि भंडारा इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नागपूरकरांच्या घरात पितळ भरपूर. पण पितळ सांभाळणं म्हणजे व्याप. चिंच-ताक लागलं की पदार्थ कळकतो, म्हणून आत कल्हई हवी. कथील, नवसागर आणि भाता घेऊन कल्हईवाला दारावर यायचा. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं आणि हा सगळा व्याप एका झटक्यात संपला. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. राख-चिंचेनं हात त्यांचेच सोलले जायचे. त्या वीसेक वर्षांत किती पितळ वितळलं याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज बाजारात दिसतं ते मोडीतून निसटलेलं, माळ्यावर विसरलेलं.

लाकडी सामानाची गोष्ट वेगळी. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. पुढे १८६७ मध्ये रेल्वे आली. साहेब, वकील, कारकून, सगळ्यांना मेज-खुर्च्या लागत, आणि गडचिरोलीकडच्या आलापल्लीचं सागवान हाताशीच. लांब हातांची आरामखुर्ची, जाळीदार कपाट, उतरत्या झाकणाचं डेस्क ही या शहराच्या दफ्तरी दिवसांची पिलावळ. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानीचा मान गेला. बंगले राहिले, रुबाब उतरला. पुढं वाड्यांच्या वाटण्या झाल्या, फ्लॅट उभे राहिले, आणि आठ फुटी कपाट लिफ्टमध्ये मावेना. ते कबाडीकडे जायला एवढं कारण पुरतं.

काही वस्तू मात्र कायद्यानंच बाद झाल्या. दशमान वजनमापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि शेर, पावशेर, छटाक निकामी ठरले. धान्य मोजायची पायली गावाकडे बरीच वर्षं टिकली, म्हणून ती अजून ढिगानं मिळते. आता तिच्यात मनीप्लँट लावतात. असो.

खास इथला म्हणावा असा ऐवज एकच: लाकडी नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरंसोरं चाकांचा नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. ही चाल भोसल्यांच्या वेळेपासूनची सांगतात. घरात पोरं उरली नाहीत की नंदी बाजारात येतो, बहुतेकदा एक कान तुटलेला. विकणारा वरून ताजा ऑइलपेंट मारतो आणि खालचा जुना रंग, म्हणजे घेण्यासारखं जे काही होतं तेच, झाकून टाकतो.

विकणारे हमखास सांगतात, ‘दीडशे वर्षं जुनं आहे, भाऊ.’ त्यांना ठाऊक नसावं, पण हे सांगणं त्यांच्याच अंगाशी येऊ शकतं. पुरावशेषांबाबतचा १९७२ चा कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेषांत मोडतात, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. फुटपाथवरचा बहुतेक माल सुदैवानं आजीच्या वयाचा, पणजीच्या नव्हे.

पितळी भांड्याच्या गळ्याशी कित्येकदा टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव असतं: कोणी, कोणाला, कोणत्या साली दिलं. मोडीच्या काळात या अक्षरांना काही किंमत नव्हती. अजूनही दुकानदार विचारतो, ‘नाव घासून देऊ का?’ मी नको म्हणतो. कोणाच्या तरी आत्यानं १९४८ साली दिलेला गडू माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला.